कलाकेंद्रात मोठेपणी क्लास लावलेले कोणी आहेत का? अनुभव सांगा (जळगाव / धुळे / नंदुरबार)

मेहरूणची_चिमणी

नमस्कार मंडळी. आपल्या खान्देशात जी छोटी छोटी कलाकेंद्रं आहेत, म्हणजे कुठल्या तरी ट्रस्टची, वाचनालयाच्या माडीवरची, पालिकेच्या जुन्या शाळेत भरणारी, तिथे मोठेपणी क्लास लावलेले इथे कोणी आहेत का? पुण्यामुंबईच्या वर्कशॉपचे अनुभव नकोत, ते ढीगभर मिळतात, दोन दिवसांत अ‍ॅबस्ट्रॅक्ट शिका आणि वर सर्टिफिकेट घेऊन जा वगैरे. आपल्याकडचे हवेत.

माझं सांगते. बँकेत नोकरी, शाळेत असताना चित्रकला बरी होती, मग कॉमर्स, लग्न, बदल्या, सगळं नेहमीचं. गेल्या वर्षी रविवार सकाळची जलरंगाची बॅच लावली. फी हजाराच्या आत, सामान आपलं आपण. बॅचमध्ये पोलीस खात्यातून रिटायर झालेले एक काका, साडीचं दुकान चालवणाऱ्या दोन जावा, अकरावीतली एक मुलगी, एक डॉक्टर जे निम्मा वेळ फोनवरच असतात, आणि मी. सर तोंडभरून कौतुक करत नाहीत आणि रागावतही नाहीत. चित्र भिंतीला टेकवून ठेवतात आणि सगळ्यांना पार दरवाज्यापर्यंत मागे जाऊन बघायला लावतात. बस. तिथे उभं राहिलं की आपलं आपल्यालाच दिसतं की झाड कागदावर चिकटवल्यासारखं झालंय. पहिले पहिले मला लय लाज वाटायची, आता नाही वाटत, कारण काकांचं झाडही तसंच असतं.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. ज्यांनी एप्रिल-मेमध्ये जळगावात आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, मारून बघितलाय त्यांनाच कळेल. बोर्ड तिरका धरायचा, वरून रंग ओढत आणायचा, खाली रंगाचा थेंब जमा होतो तो न तुटता पुढच्या ओळीत न्यायचा असं सर सांगतात. इथे ४४-४५ डिग्रीत तो थेंब अर्ध्या वाटेतच वाळतो, आकाशाला पट्टे पडतात. आणि कूलर लावला तर अजूनच वाईट, कूलरचा वारा थेट कागदावर.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. पावसाळा लागला की केंद्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षांच्या, पोरांची गर्दी होते. हॉल त्यांना, टेबलं त्यांना, सरही त्यांनाच. आम्ही मोठे व्हरांड्यात. यंदा तर म्हणे आमची बॅच परीक्षा होईपर्यंत बंदच ठेवणार. सगळीकडे असंच आहे का?

भुसावळ_जंक्शन

ताई, सगळीकडे असंच. आमच्याकडे तर व्हरांडाही नाही.

मी रेल्वेतून रिटायर, वय विचारू नका. घरी बसून सुनेच्या किचनमध्ये लक्ष घालण्यापेक्षा हे बरं म्हणून जाऊन राहिलो. आमच्याकडे वेगळी मोठ्यांची बॅच नाहीच, मी आठवी-नववीच्या पोरांमध्येच बसतो. पहिल्या दिवशी पोरांना वाटलं मीच सर, सगळे उठून उभे राहिले. मग कळलं की आबासुद्धा शिकायलाच आलेत, तेव्हापासून माझ्या शेजारी बसायला भांडणं, कारण माझ्याकडे खोडरबर, कटर, सगळं असतं आणि मी मागितलं की देतो.

एक सांगतो. वस्तुचित्रात मांडणी ठेवतात ना, तांब्या, वाटी, दोन केळी, मागे पडदा, तेव्हा पोरं तांब्याकडे बघतच नाहीत. त्यांना तांब्या पाठ आहे. वरचा लंबगोल, खालचा लंबगोल, उजवीकडे सावली, झालं. तांब्याला पोचा आलाय हे फक्त मी काढलं, कारण मला पाठ नव्हता ना, बघूनच काढावं लागलं. सर म्हणाले आबांचा बघा. त्या दिवशी घरी गेल्यावर चहा दोनदा प्यालो.

केळीच्या_बागा

माझा अनुभव चित्राचा नाही, मातीचा. यावल साईडचा आहे, शेती आहे. तालुक्याच्या गावी केंद्रात मातीकामाचा क्लास निघाला होता, मी आणि बायको दोघं लागलो. आम्हाला वाटलं माती म्हणजे आपला हात धरणारं कोण, शेतात ढीग पडलाय. घरची काळी माती गोणीत भरून घेऊन गेलो. शिकवायला जे बाबा होते ते पिढीजात कुंभार. मातीला हात लावला आणि हसले. म्हणाले ही कपाशीला द्या.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात हात जाईल एवढ्या, तेच भांड्याचं होतं. आम्ही हट्टाने एक वाडगा केला तर तिसऱ्या दिवशी त्याचे तुकडे. मग त्यांनी त्यांची माती दाखवली. नदीचा गाळ, चाळून चाळून घेतलेला, त्यात थोडी राख आणि घोड्याची लीद. लीदीतलं तूस भाजताना जळून जातं आणि बारीक छिद्रं राहतात म्हणून भांडं तडकत नाही. बायकोने लीद म्हटल्यावर नाक मुरडलं होतं, पण मळायला लागल्यावर काही वास नाही की काही नाही.

आणि आपल्या हवेचा त्रास इथेही आहेच. बाहेरची बाजू फटाफट वाळते, आतली ओली राहते, मग चीर. उपाय म्हणजे ओलं गोणपाट, त्यावर प्लॅस्टिक, आणि दोन दिवस कोपऱ्यात, पंखा बंद. घाई केली की गेलं. भाजायचं काम कुंभारवाड्यातल्या आव्यात, केंद्राकडे भट्टी कुठली.

परीक्षा वगैरे मातीला काही नाही म्हणून आम्हाला कोणी हुसकावत नाही. पण म्हणूनच त्या क्लासला पोरंही येत नाहीत. आम्ही सहा-सात टाळकी. गणपतीच्या आधी पंधरा दिवस मात्र शाडूचा वर्ग हाऊसफुल.

धुळ्याचा_पोऱ्या

भाऊ आठे बी तेच शे 😄 गणपतीना टाइमले सगळा कलाकार

खडूफळा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. अशाच एका केंद्रात शिकवतो, दिवसा शाळेत कलाशिक्षक. कुठलं ते विचारू नका.

चिमणीताई, तुमचा राग समजतो. पण केंद्राचं लाइट बिल कोण भरतं? मोठ्यांची बॅच बारा-पंधरा लोकांची, त्यातले लग्नसराईत निम्मे गायब, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गायब, आणि श्रावणातली आपली कानबाई देवी तर रविवारीच बसते त्यामुळे त्या रविवारी क्लासला फक्त मी आणि पंखा. परीक्षेची बॅच शंभर पोरांची, फी आगाऊ. त्या पैशावर तुमची बॅच चालते. हे कडू आहे पण असं आहे.

आणि पोरं का येतात तेही सांगतो. ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. आईबाप त्यासाठी पाठवतात. चित्रासाठी पाठवणारे हाताच्या बोटावर. पेपर चार, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन, इंटरमिजिएटला वस्तूच्या जागी स्थिरचित्र रंगात आणि भूमिती घनाची. मला पोरगं मिळतं दोन-तीन महिने. एवढ्या वेळात त्याला बघायला शिकवू की पेपर वेळेत संपवायला शिकवू? आबा म्हणतात तसा पाठ तांब्या मीच पाठ करून घेतो. मला आवडतं म्हणून नाही घेत.

शिरपूरची_आई

सर राग मानू नका पण लिहिते. माझ्या मुलाला ए ग्रेड मिळाली. पाच वर्षांचा होता तेव्हापासून भिंतीवर, वहीवर, लाइट बिलाच्या मागे, दिसेल तिथे ट्रॅक्टर आणि जेसीबी काढायचा. क्लास लावला आणि केंद्रात रोज एक संकल्पचित्र, त्याच त्या चौकोनात फुलपाखरू आणि वेलबुट्टी, तीन रंगछटा, बाहेर रंग गेला की परत. परीक्षा झाली, ग्रेड आली, पेढे वाटले. त्यानंतर त्याने एकही चित्र काढलेलं नाही. रंगपेटी तशीच पडून आहे. मी विचारलं का रे काढत नाही, तर म्हणतो झाली ना परीक्षा.

आता यात तुमची चूक की माझी की सरकारची ते मला माहीत नाही. सात मार्क मिळाले एवढं खरं.

खडूफळा

ताई, उत्तर नाही माझ्याकडे. त्याला जेसीबी काढायला सांगा आणि मला फोटो पाठवा. खरंच सांगतो.

धुळ्याचा_पोऱ्या

मी मराठीत लिहितो नाहीतर संपादक रागावतील. मास्तरांची बाजू घेतो थोडी. मी परीक्षेवाला पोऱ्याच होतो. वडील हमाली करायचे, फी केंद्रातल्या एका सरांनी माफ केली होती, वर त्यांनीच ब्रश दिले. मला बाकीच्या तीन पेपरात काही गोडी नव्हती, पण अक्षरलेखन! ते मला लागलं. चौकट आखायची, अक्षराची उंची ठरवायची, मग शब्दाची एकूण रुंदी मोजून दोन्हीकडे सारखं सोडायचं. घरी येऊन दाराच्या फळीवर खडूने आईचं नाव लिहायचो.

दहावीनंतर एका पेंटरकडे लागलो. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीत भिंती. दोऱ्याला खडूची पूड चोळून भिंतीवर ताणून फटका मारला की सरळ रेघ उमटते, त्यावर शिरोरेषा. हाताखाली काठी धरून चपटा ब्रश एका दमात ओढायचा, मधे थांबलं की जोड दिसतो. आमच्या उस्तादचं म्हणणं होतं की अक्षराच्या आतली जी रिकामी जागा राहते ना, ‘ब’ च्या पोटातली, ‘क’ च्या दोन्हीकडची, ती रंगव, अक्षर आपोआप येतं. केंद्रात मला हे कोणी सांगितलं नव्हतं पण पट्टी-पेन्सिलची सवय तिथलीच.

मग फ्लेक्स आला आणि धंदा बसला. आता मी कॉम्प्युटरवर डिझाइन करतो, लग्नपत्रिका, बॅनर, वाढदिवसाचे हार घातलेले भाऊ-दादा-आप्पा. पण गेल्या एक-दोन वर्षात कॅफेवाले पुन्हा हाताने रंगवलेल्या पाट्या मागायला लागलेत, पैसेही बरे देतात. म्हणून आता केंद्रात मीच रविवारी संध्याकाळी अक्षरलेखन शिकवतो, परीक्षेचं नाही, पाटीचं. पाच पोरं आणि एक दाताचे डॉक्टर. डॉक्टरांना स्वतःच्या दवाखान्याची पाटी स्वतः रंगवायची आहे. चार महिने झाले, अजून ‘दंत’ वर आहेत.

भुसावळ_जंक्शन

‘दंत’ वर आहेत 😂😂 भाऊ, पाटी झाली की फोटो टाका.

विशारद_व्हायचंय

चित्रवाल्यांनो, तुमच्या भिंतीपलीकडे आम्ही असतो हे विसरू नका. केंद्र एक, हॉल एक, मधे प्लायवूडचं पार्टिशन. इकडे तबला, तिकडे तुमचे जलरंग. तुमच्या सरांनी आम्हाला कितीदा तरी सांगितलंय की जरा हळू वाजवा. अहो तबला हळू कसा वाजवणार?

माझं वय ४१, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देतोय, प्रारंभिकपासून सुरू. माझ्या सोबत परीक्षेला सगळी चौथी-पाचवीची पोरं असतात, परीक्षकांनी मला विचारलं होतं की पाल्य कुठे आहे. चित्रकलेत परीक्षेने वाट लावली म्हणताय, तबल्यात मला उलट अनुभव आहे. परीक्षा आहे म्हणून तरी मी रोज बसतो. ठेका बरोबर लयीत धरायचा, हाताने टाळी-खाली देत बोल म्हणून दाखवायचे, मग दुगुन म्हणजे दुप्पट लयीत, हे सगळं परीक्षेत विचारतात म्हणून केलं, नाहीतर मी डायरेक्ट गाण्यांसोबत बडवत बसलो असतो. जळगावच्या मातीत बालगंधर्वांच्या आठवणी निघतात, त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, संगीत महोत्सव होतो, आणि रियाजाला मात्र प्लायवूडचं पार्टिशन. असो.

अवांतर: उन्हाळ्यात रंग वाळून राहिला म्हणता, इथे तबल्याची पुडी (वरचं कातडं) चढते. सूर लावला की दहा मिनिटांत वर.

सातपुड्यापलीकडे

धागा वाचतोय दोन दिवस, लिहू की नको करत होतो. मी धडगाव-अक्कलकुवा भागात आश्रमशाळेत नोकरीला आहे. आमच्याकडे कलाकेंद्र नाही. सुट्टीत काही पोरांना घेऊन नंदुरबारच्या शिबिराला जातो, तेवढाच संबंध.

मागे एकदा शिबिरात स्मरणचित्राचा सराव होता. विषय तीन-चार देतात, त्यातला एक निवडायचा. बागेत खेळणारी मुले, बसस्टँडवरील दृश्य, असे. एक पावरा आदिवासी मुलगी, सातवीतली, पेन्सिल धरून बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली बाग नाही बघितली. खरं आहे, तिच्या गावात घसरगुंडी कुठून येणार. मी शिकवणाऱ्या सरांना सांगितलं. ते बिचारे चांगले, म्हणाले तुला जे आठवतं ते काढ. तिने होळी काढली. आमच्याकडे काठी गावची होळी प्रसिद्ध आहे, राजवाडी होळी म्हणतात, रात्रभर लोक चालत येतात. तिने मधोमध होळीचा उंच बांबू काढला, कागदाच्या वरच्या कडेच्याही बाहेर जाणारा, आणि भोवती नाचणारी माणसं वर्तुळात. पण वर्तुळ असं की वरची माणसं सरळ, खालची उलटी, बाजूची आडवी, म्हणजे जसं आपण मधे उभं राहून गोल फिरत बघावं तसं. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि दुधी भोपळे, एकेक भोपळा मोजून.

सर बराच वेळ बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, याला परीक्षेत मार्क मिळणार नाहीत, पर्स्पेक्टिव्ह नाही म्हणतील. पण त्यांनी ते चित्र केंद्राच्या दारासमोरच्या भिंतीवर लावलं. आणि परीक्षेसाठी तिला बसस्टँड शिकवलं. दोन्ही केलं. मला तेव्हा ते पटलं नव्हतं, आता वाटतं दुसरं काय करणार होते.

मेहरूणची_चिमणी

हा प्रतिसाद वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवला. मुलीचं पुढे काय झालं?

सातपुड्यापलीकडे

बी ग्रेड. आता अकरावी सायन्सला आहे. काढते अजून.

गेरू_पिवडी

मी चाळीसगावचा, फाइन आर्ट शिकलेला, सध्या नोकरी भलतीच. दोन मुद्दे.

पहिला वॉशचा, कारण चिमणीताईंच्या त्या प्रश्नाला कोणी उत्तरच दिलं नाही. उन्हाळ्यात वॉश मारायचा असेल तर कागद दोन्ही बाजूंनी भिजवा आणि सनमायकाच्या किंवा काचेच्या तुकड्यावर चिकटवून टाका, खालून ओल राहते, वेळ मिळतो. पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब, जास्त नाही, जास्त झालं तर चित्र चिकट राहतं आणि धूळ बसते. कार्ट्रिज कागदावर वॉश शिकूच नका, तो लगेच फुगतो, ३०० जीएसएमचा जाड कागद घ्या, महाग वाटला तर अर्धा तुकडा वापरा. आणि सकाळी सातला काम करा, दहानंतर आपल्याकडे फक्त पापड करावेत.

दुसरा मुद्दा. आमच्या गावात केकी मूस यांचं घर आहे, स्टेशनजवळ. आता संग्रहालय आहे. इथल्या किती जणांनी बघितलंय? १९१२ चा जन्म, इंग्लंडला शेफील्डला शिकून आलेला माणूस, चाळीसगावला येऊन राहिला आणि १९८९ ला जाईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं त्या घरातून फारसा बाहेरच पडला नाही. टेबलटॉप फोटोग्राफी करायचे. म्हणजे टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, प्रकाश असा पाडायचा की फोटोत तो खराखुरा मोठा देखावा वाटावा. पंजाब मेलच्या वेळी ते कोणाची तरी वाट बघायचे ही गोष्ट गावात प्रत्येकजण सांगतो, मला ती सांगायची नाही, कारण लोक ती गोष्ट ऐकून फोटो न बघताच निघून जातात.

आमच्या केंद्रातल्या मॅडमनी त्यावरून एक अभ्यास दिला होता. घरातलं मीठ, कापूस, माचिसच्या काड्या, खिडकीतून येणारं ऊन आणि साधा मोबाइल. देखावा तयार करा. मोठ्यांना आणि पोरांना एकत्र. एका गृहिणीने रव्याचा वाळवंट केला, त्यावर चहाच्या गाळणीची सावली पाडली, जाळीदार, ढगांची सावली पडते तशी. पोरं चाट पडली. त्यांना रव्यावर सावली पाडायचं सुचलंच नसतं, आणि काकूंना मोबाइलमध्ये उजेड कमी कसा करायचा ते त्या पोरांनीच दाखवलं. मला वाटतं केंद्रात हे होतं तेच खरं, बाकी वॉश तर युट्यूबवरही शिकता येतो. खडूफळा सर, बॅच वेगळ्या कशाला? वर्षातून तीन महिने परीक्षा, मान्य. उरलेले नऊ महिने सगळ्यांना एकाच टेबलावर बसवा ना.

खडूफळा

कल्पना चांगली आहे, पण पालकांचा फोन येतो, सर आमच्या मुलाला मोठ्या माणसांबरोबर का बसवलं. आलाय, म्हणून सांगतोय.

भुसावळ_जंक्शन

माझ्याबद्दल आला होता का 😀

खडूफळा

नाही आबा. तुमच्या खोडरबरबद्दल आला असता.

अभ्यासू_टीकाकार

एक विचारू का? सगळे सर आधीच्या चित्रावरून कॉपी करायला देतात. कॅलेंडरचा घोडा, कोणाचा तरी लँडस्केपचा प्रिंट. यात शिकणं कुठे आलं? मी याच कारणाने क्लास सोडला. वर्षभर दुसऱ्याचे घोडे काढले.

गेरू_पिवडी

कॉपी वाईट नाही, कशाची आणि कशी करताय त्यावर आहे. आपल्या दारातच अजिंठा आहे. रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज अधिकारी १८४४ पासून तिथे राहून वर्षानुवर्षं तेच करत होता, कॉपी. त्याची बहुतेक चित्रं लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ ला जळाली. मग जेजे स्कूलचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले, १८७२ पासून पुढे कितीतरी हंगाम, पुन्हा कॉपी. ती पोरं भिंतीसमोर बसून शिकली. तुमचा घोडा कॅलेंडरवरचा होता म्हणून कंटाळा आला, तोच सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला जाऊन काढा, तो उभाच राहत नाही, मग कळेल.

आम्ही केंद्रातर्फे अजिंठ्याला गेलो होतो (सोमवारी बंद असतं, सोमवार सोडून जा). फ्लॅश चालत नाही, उजेड कमी, त्यामुळे निमूट बसून पेन्सिलने हात आणि बोटं काढली फक्त. परत आल्यावर मॅडमनी रंगाच्या ट्यूब काढून घेतल्या आणि गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी, चुना आणि बाभळीचा डिंक एवढंच दिलं. अजिंठ्यातही बहुतेक रंग असेच मातीचे-दगडाचे, निळा तेवढा लॅपिस नावाच्या निळ्या दगडाचा, तो बाहेरून यायचा. डिंक रात्री भिजत घालायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, गेरू पाट्यावर वाटायचा, जेवढा वाटाल तेवढा खुलतो. सगळं सामान किराणा दुकानात मिळालं, खर्च चहापाण्याएवढा. माझं आयडी त्यावरूनच आहे.

भुसावळ_जंक्शन

गिलसाहेबाची कबर आमच्या भुसावळात आहे, १८७९ साली वारले. रेल्वेत आख्खी नोकरी झाली, हे मला केंद्रातल्या एका पोराने सांगितलं. पोरांना घेऊन एकदा जाऊन आलो.

केळीच्या_बागा

गेरू-चुन्याचं वाचून बायको म्हणते घरच्या भिंतीवर करू. आता मला कामाला लावलं तुम्ही लोकांनी.

अभ्यासू_टीकाकार

ठीक आहे, घोड्याबद्दल माघार. पण प्रिंटवरून कॉपी करून प्रदर्शनात स्वतःच्या नावाने लावतात त्याचं काय? केंद्राच्या वार्षिक प्रदर्शनात निम्मी चित्रं मला इंटरनेटवर सापडली. आणि उद्घाटनाला नेते येऊन म्हणतात खान्देशात टॅलेंटची कमी नाही.

विशारद_व्हायचंय

+१ आणि भाषणं एवढी लांबतात की आमच्या तबलावादनाला सात मिनिटं मिळाली. झपताल लावला होता, तुकड्यावर पोहोचेपर्यंत आभार प्रदर्शन सुरू.

मेहरूणची_चिमणी

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. खडूफळा सरांचं वाचून मी जरा हिशोब केला आणि आमच्या बॅचच्या लोकांशी बोलले. मग आम्ही सगळे मिळून केंद्राच्या सेक्रेटरींना भेटलो. आमचं म्हणणं एवढंच होतं की बॅच बंद करू नका, हॉल नको, सरही नकोत, आम्ही सकाळी साडेसहाला येतो, किल्ली काका घेऊन येतील, आठला पोरं आली की आम्ही उठतो. आणि तीन महिन्यांची फी आगाऊ देतो, लग्नसराई असो की कानबाई. आगाऊ म्हटल्यावर सेक्रेटरी एकदम ताई-ताई करायला लागले.

सरांना विचारलं तर म्हणाले सव्वासातला येऊन चित्रं बघून जाईन, भिंतीला टेकवून ठेवा. साडेसहाला हवा गार असते त्यामुळे वॉशही जमेल बहुतेक. अकरावीच्या मुलीचा प्रश्न आहे, तिचा सकाळी क्लास असतो.

शिरपूरच्या ताई, जेसीबीचं काय झालं?

शिरपूरची_आई

काही नाही अजून. पण परवा दाराशी नळाच्या पाइपलाइनसाठी जेसीबी आला होता तर दोन तास बाहेर उभा होता. मी काही बोलले नाही, रंगपेटी फक्त कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे. बघू.

खडूफळा

काही बोलू नका. बरोबर करताय.

धुळ्याचा_पोऱ्या

चिमणीताई, मोठ्यांच्या बॅचची पाटी लागेल ना दारावर? मी करून देतो, फुकट. मजकूर पाठवा. छोटा ठेवा पण, डॉक्टरांसारखं नको.

मेहरूणची_चिमणी

पाठवते. गेरू_पिवडी, ते ३०० जीएसएम कागदाचं विचारायचं राहिलं, जळगावात सुटे शीट मिळतात का पूर्ण पॅडच घ्यावं लागतं?

गेरू_पिवडी

सुटे मिळतात, स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात विचारा. चार जणांनी मिळून घ्या आणि तिथेच कापून आणा, दुकानदार कटरने सरळ कापून देतो. घडी घालू देऊ नका.